पुराचे पाणी आणि पाळण्यातली मुले
पाळणाघरे व अंगणवाड्यांची पावसाळ्यापूर्वीची तयारी आणि पूर ओसरल्यानंतरची उभारणी

- प्रतिनिधी

मुंबईकरांच्या स्मरणात २६ जुलै २००५ हा दिवस कायमचा कोरला गेला आहे. सांताक्रूझ येथील वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. उपनगरांत काय घडते आहे, याची कल्पना दक्षिण मुंबईतील कार्यालयांत बसलेल्या अनेक आईवडिलांना त्यामुळे उशिराच आली. लोकल थांबल्या, दूरध्वनी बंद पडले आणि असंख्य पालक कमरेएवढ्या पाण्यातून रात्रभर घराच्या दिशेने चालत राहिले. अनेक शाळांनी त्या रात्री मुलांना वर्गांतच ठेवून घेतले.

शाळेतील मूल आपले नाव सांगू शकते, पत्ता सांगू शकते, शिक्षकांचा हात धरून वरच्या मजल्यावर चढू शकते. दोन वर्षांच्या मुलाला यांतले काहीच जमत नाही. त्याला दर दोन-तीन तासांनी खायला लागते, लंगोट बदलावा लागतो, अनोळखी हातात ते थांबत नाही आणि आई दिसली नाही तर रडणे आवरत नाही. पुराची चर्चा होते तेव्हा धरणे, नाले, पंप आणि पंचनामे यांविषयी पुष्कळ बोलले जाते. सहा वर्षांखालील मुले दिवसभर ज्या खोल्यांत असतात, त्या पाळणाघरांचा, बालवाड्यांचा आणि अंगणवाड्यांचा विचार मात्र बहुधा पाणी शिरल्यानंतरच सुरू होतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दोन प्रौढ, वीस मुले

उशीर का होतो, हे साध्या हिशेबाने समजते. अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस असते. घरगुती पाळणाघरातही बहुतेक ठिकाणी चालविणाऱ्या बाई आणि त्यांची एखादी सहकारी एवढेच मनुष्यबळ असते. वाहत्या पाण्यातून एक प्रौढ व्यक्ती एका वेळी एकच मूल भरवशाने नेऊ शकते. वीस मुले आणि दोन प्रौढ म्हणजे प्रत्येकी दहा फेऱ्या; शिवाय प्रत्येक फेरीच्या वेळी अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलांजवळ कोणी थांबायचे, हा प्रश्न उरतोच. वेगाने वाहणारे जेमतेम १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचा तोल घालवू शकते. तीन वर्षांच्या मुलासाठी तर तेवढे पाणी अधिकच धोक्याचे असते.

याचा अर्थ असा की, लहान मुलांना हलविण्याचा निर्णय पाणी दारात येण्यापूर्वीच व्हावा लागतो. पाणी आत शिरल्यावर उरतो तो एकच मार्ग : आहे त्याच इमारतीत उंच जागी जाणे. आपल्या इमारतीत अशी उंच जागा नसेल, तर ते केंद्र मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी उघडूच नये.

लहान मुलांचे शरीरही मोठ्यांपेक्षा वेगळे असते. ती जमिनीवर रांगतात, हाताला लागेल ते तोंडात घालतात, वजनाच्या मानाने अधिक पाणी पितात आणि अधिक वेगाने श्वास घेतात. म्हणूनच गाळातील जंतू, ओल्या भिंतीवरची बुरशी किंवा दूषित पाणी यांचा फटका त्यांना आधी बसतो. जुलाब लागले तर त्यांच्या शरीरातील पाणी काही तासांतच धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकते.

पूर एकसारखे नसतात

आपल्या भागातील पूर कसा येतो, हे माहीत असल्याखेरीज आराखडा करता येत नाही. महाराष्ट्रात पुराच्या किमान तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा मुंबईची. थोड्या वेळात अतोनात पाऊस, त्याच वेळी समुद्राला भरती आणि नाल्यांचे पाणी बाहेर पडायला वाट नाही. साडेचार मीटरहून उंच भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भाग पाण्याखाली जातात. येथे इशारा काही तासांचाच मिळतो. पाणीही बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. भरतीचे वेळापत्रक आधीच उपलब्ध असते. मुंबईतील प्रत्येक पाळणाघराच्या भिंतीवर जून ते सप्टेंबरमधील मोठ्या भरतीच्या तारखा व वेळा लिहिलेल्या असायला हव्यात.

दुसरी तऱ्हा कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याची. येथे पाणी फूट-फूट चढत येते. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्यावरील पातळी आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे यांवर डोळे लावून बसतात. सांगलीकर आयर्विन पुलाखालचे पाणी आणि कोयनेचा विसर्ग पाहतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी आहे. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली आणि सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली. जुलै २०२१ मध्ये दोन्ही शहरांनी पुन्हा महापूर पाहिला. या पुरात सामान हलवायला वेळ मिळतो. पण इमारत कित्येक दिवस पाण्यात राहते आणि नुकसान खोलवर जाते.

तिसरी तऱ्हा कोकणातली, सह्याद्रीच्या पायथ्याची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण आणि सावित्रीच्या पाण्याने महाड वेढले गेले. लोकांना सावरायलाही वेळ मिळाला नाही. नदी आखूड, उतार तीव्र आणि पाणी मध्यरात्रीही येऊ शकते. अशा ठिकाणी मुले बहुधा घरी असतात. परंतु केंद्रातील नोंदवह्या, शिधा, वजनकाटे आणि खेळणी एका रात्रीत जातात. म्हणून पावसाळ्याचे चारही महिने महत्त्वाच्या वस्तू रोज संध्याकाळी उंचावर ठेवूनच कुलूप लावण्याची सवय येथे हवी.

पुण्याचे उदाहरण या तिन्हींच्या मध्ये बसते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय जुन्या पिढीने पाहिला. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या सोसायट्यांत शिरले, तेव्हा नदीकाठच्या तळमजल्यांचा धोका नव्या पिढीलाही कळला. शहरातील पाळणाघरे बहुतांशी तळमजल्यावरच असतात. मुलांच्या सोयीचा तळमजला पुराच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचा असतो.

जून उजाडण्यापूर्वी

पूर्वतयारीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे एक कागद. प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, रक्तगट माहीत असल्यास तो, आजार, औषधे, न चालणारे अन्न, आईवडिलांचे दूरध्वनी आणि मूल घेऊन जाण्याचा अधिकार असलेल्या आणखी दोन व्यक्तींची नावे त्यावर असावीत. या दोन व्यक्तींपैकी एक चालत येण्याच्या अंतरावर राहणारी हवी. कारण ज्या दिवशी आईची लोकल बंद पडते, त्या दिवशी वडिलांचीही बंद पडलेली असते. परगावच्या एखाद्या नातेवाइकाचा क्रमांकही नोंदवावा. गावातील दूरध्वनी ठप्प झाले तरी बाहेरगावी निरोप पोहोचण्याची शक्यता असते आणि दोन्ही बाजूंना जोडणारा दुवा मिळतो. ही माहिती मोबाइलमध्ये असली तरी तिची छापील प्रत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत हवीच. अंगणवाड्यांच्या नोंदी २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर होऊ लागल्या. पण मोबाइल भिजला किंवा त्याची बॅटरी संपली, तर मुलाला कोणाच्या हाती द्यायचे हे तो सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते, त्याची खूण भिंतीवर करावी. शाळा, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची सदनिका यांपैकी जी जागा त्या खुणेपेक्षा उंच आणि चालत पाच-दहा मिनिटांवर असेल, तिच्याविषयी आधीच बोलणे करून ठेवावे. कुलपाची किल्ली कोणाकडे असते, शौचालय आहे का, पिण्याचे पाणी आहे का, हे पाहून घ्यावे. ठरलेली जागा प्रत्येक पालकाला लेखी कळवावी.

तिसरी गोष्ट सामानाची मांडणी. पोषण आहाराची पाकिटे, धान्य, नोंदवह्या, औषधपेटी आणि वजनकाटा जमिनीवर ठेवू नयेत. विजेचा मुख्य खटका कुठे आहे आणि तो कोण बंद करणार, हे दोघींनाही माहीत असावे. गॅस सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि वाहून जातो; म्हणून इशारा मिळताच रेग्युलेटर काढून तो उंच जागी हलवावा.

चौथी गोष्ट सराव. महिन्यातून एकदा मुलांना ‘आगगाडी’ करून, दोरीला धरून, ठरलेल्या जागी नेऊन आणावे. मुलांना तो खेळ वाटतो. सेविकेला मात्र त्यातून कळते की, आपल्याला प्रत्यक्षात किती वेळ लागतो. तो वेळ लिहून ठेवावा. निर्णय किती आधी घ्यायचा, ते त्यावरूनच ठरते.

सेविकेचे घरही त्याच पाण्यात

आराखड्यांमध्ये सहसा विसरली जाणारी बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. अंगणवाडी सेविका त्याच गावातील, त्याच वस्तीतील असते. केंद्रात पाणी शिरते तेव्हा तिच्या घरातही ते शिरलेले असते. तिची स्वतःची मुले आणि सासू-सासरे तिची वाट पाहत असतात. पूर ओसरला की सर्वेक्षण, शिधावाटप, आरोग्य पथकाला साथ अशी कामे तिच्याकडेच येतात. तिला मिळते ते मानधन. घरगुती पाळणाघर चालविणाऱ्या बाईंची स्थिती याहून निराळी नसते; बंद असलेल्या प्रत्येक दिवसाचे उत्पन्न बुडते.

म्हणून पहिला प्रश्न ‘मुलांना कोण सांभाळील’ हा नसून ‘सांभाळणाऱ्या बाईच्या मुलांना त्या वेळी कोण सांभाळील’ हा आहे. त्याचे उत्तर नसेल, तर उत्तमातला उत्तम आराखडाही कागदावरच राहील. वस्तीतील दोन-तीन महिलांची राखीव यादी, सेविकेच्या घरच्यांची आधी ठरलेली सोय आणि शेजारच्या अंगणवाडीशी एकमेकींना मदत करण्याचा करार या साध्या उपायांनी हे साधू शकते. खासगी पाळणाघरांनी पुरामुळे बंद राहिलेल्या दिवसांच्या शुल्काविषयी पालकांशी प्रवेशाच्या वेळीच लेखी ठरवावे. नंतरची कटुता टळते.

इशाऱ्याच्या दिवशी

हवामान खात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार. पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांनी सावधगिरीची पायरी सांगितली जाते. लाल इशारा असताना सखल भागातील केंद्र बंद ठेवणे हाच शहाणपणा. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी मुले आलीच, तर पालकांना दुपारपूर्वी नेण्यास सांगावे. शासकीय सुटीच्या आदेशाची वाट पाहत बसू नये. आपल्या गल्लीतील पाणी आपल्याला आधी दिसते.

मुले केंद्रात असताना पाणी वाढलेच, तर तीन नियम पाळावेत. इमारत पक्की असेल आणि वरचा मजला असेल, तर मुलांना वर न्यावे. बाहेर काढू नये. दर अर्ध्या तासाने नावे घेऊन मोजणी करावी आणि ती लिहावी. यादीत नाव नसलेल्या व्यक्तीच्या ताब्यात, ती कितीही ओळखीची वाटली तरी, पालकांची संमती मिळाल्याखेरीज मूल देऊ नये. गोंधळाच्या वेळी सद्हेतूने नेलेले मूलही ‘हरवलेले’ ठरते आणि पालकांच्या जिवाला घोर लागतो. मुलाच्या कपड्याच्या आतील बाजूस नाव व दूरध्वनी लिहिलेली कापडी पट्टी टाचणे उपयोगी पडते. ती बाहेरून दिसेल अशी लावू नये. नाव घेऊन हाक मारणाऱ्या परक्यावर मुले चटकन विश्वास ठेवतात.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. मूल सुरक्षित उंचीवर आहे असा निरोप मिळाल्यानंतर पाण्यातून त्याच्याकडे धाव घेऊ नये. उघडी गटारे आणि मॅनहोल पाण्याखाली दिसत नाहीत. आपण सुखरूप पोहोचणे हेच मुलासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

पाणी ओसरल्यावर

पूर ओसरला की झाडू हाती घेण्याची घाई होते. पहिले काम मात्र छायाचित्रे काढण्याचे. भिंतीवरील पाण्याची रेघ, भिजलेला शिधा, फुगलेली कपाटे यांची नोंद झाल्याखेरीज साफसफाई केली, तर पंचनामा आणि विमा या दोन्हींत अडचण येते. घरगुती पाळणाघरांनी हे लक्षात ठेवावे की, घराच्या विम्यात व्यवसायाचे सामान समाविष्ट असेलच असे नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित योजना आणल्या. दोन्हींत पुराचे संरक्षण आहे. आपल्याला कोणती लागू पडते, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून घ्यावे.

भिंती, छत आणि वीजजोडणी जाणकाराने तपासल्याशिवाय आत जाऊ नये. सफाईच्या वेळी मुले आसपासही नसावीत. गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की त्याची धूळ होऊन श्वासातून जाते. हातमोजे आणि गमबूट घालावेत. अडगळीत सापाने आसरा घेतलेला असू शकतो; म्हणून वस्तू आधी काठीने हलवाव्यात. फरशी, भिंतीचा खालचा भाग, बाके आणि शौचालय प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावे आणि नंतर जंतुनाशक वापरावे. गाळावर थेट जंतुनाशक ओतून उपयोग होत नाही. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रावण आणि शौचालय धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याबाबत मन घट्ट करावे लागते. प्लॅस्टिकची आणि स्टीलची खेळणी, भांडी धुऊन, निर्जंतुक करून, उन्हात वाळवून वापरता येतात. कापडी बाहुल्या, गाद्या, उश्या, सतरंज्यांखालचा फोम, पुठ्ठ्याची पुस्तके आणि सच्छिद्र लाकडी खेळणी पुराच्या पाण्यात बुडाली असतील, तर ती टाकून द्यावीत. भिजलेले धान्य वाळवून वापरू नये. पोषण आहाराची पाकिटे पाण्यात बुडाली असतील, तर ती वरून कोरडी दिसली तरी मुलांना देऊ नयेत. दूधबाटल्यांची रबरी बोंडले आणि दात येताना चावायची खेळणी नवीच घ्यावीत.

भिंती पूर्ण वाळण्यापूर्वी रंग देऊ नये. रंगाखाली कोंडलेली ओल काही आठवड्यांत काळी बुरशी होऊन बाहेर येते. खोलीत कुबट वास येतो आहे, तोवर ती मुलांसाठी तयार नाही, असे समजावे. अंगणातील काचा, खिळे आणि पत्रे वेचावेत. मातीचा वरचा थर दूषित असेल, तर तेथे मुलांना खेळू देऊ नये. पाण्याची टाकी रिकामी करून, घासून, निर्जंतुक करून भरावी आणि आरोग्य विभागाकडून पाणी तपासून घ्यावे. तोपर्यंत खळखळून उकळलेले पाणीच द्यावे.

आजारांवर नजर

२००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा जंतू जखमेवाटे शरीरात शिरतो. पाण्यातून चालून आलेल्या मुलाचे पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि ताप आल्यास डॉक्टरांना ‘मूल पुराच्या पाण्यात होते’ हे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या मोठ्यांना दिल्या म्हणून मुलांना मनाने देऊ नयेत. साचलेल्या पाण्यामुळे काही आठवड्यांनी डेंग्यू आणि हिवतापही डोके वर काढतात.

जुलाबावर जलसंजीवनी आणि झिंक हा आधार आहे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळावे आणि ते द्रावण २४ तासांत संपवावे. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायची असते; सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढील मुलांना २० मिलिग्रॅम असे प्रमाण आहे. मूल पाणी पीत नसेल, सुस्त पडले असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आहार थांबता कामा नये

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण आणि आरोग्य-पोषण शिक्षण या तिच्या सहा सेवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहार हा मुलांचा हक्क ठरला. केंद्राची इमारत पाण्यात गेली म्हणून हा हक्क बुडत नाही. निवारा छावणीच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून अंगणवाडी सुरू करता येते. रोज ठरावीक वेळी, ठरावीक बाईंनी, तीच गाणी आणि तोच खाऊ, एवढे पुरेसे असते.

छावणीत दुधाची भुकटी सरसकट वाटण्याचा मोह टाळावा. अस्वच्छ पाण्यात कालवलेली भुकटी आणि नीट न धुतलेली बाटली तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. स्तनपान करणाऱ्या मातेला आडोसा, पाणी आणि पोटभर जेवण मिळाले, तर बाळाचा प्रश्न बहुतांशी सुटतो. पुरानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मुलांचे वजन आणि दंडघेर नेहमीपेक्षा अधिक वेळा मोजावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित आहे असे समजून लगेच आरोग्य केंद्राकडे पाठवावे. वजनकाटा पुरात भिजला असला, तरी दंडघेराची पट्टी खिशात मावते.

मुलांच्या मनावरचा पूर उशिरा दिसतो. अंथरूण ओले करणे, आईला न सोडणे, पाऊस सुरू होताच रडणे, मोठी झालेली मुले पुन्हा बोबडे बोलू लागणे ही लक्षणे अनेकदा दिसतात. रागावू नये, चेष्टाही करू नये. चित्र काढताना मूल पुन्हा पुन्हा पाणीच काढत असेल, तर काढू द्यावे. दिनक्रम पूर्ववत झाला की बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. न सावरल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

पालकांनी विचारायचे पाच प्रश्न

१) मागच्या पुरात या जागेत पाणी कुठवर आले होते?
२) पाणी वाढले तर मुलांना नेमके कुठे नेणार आणि ते आम्हाला कसे कळणार?
३) मी पोहोचू शकलो नाही, तर माझे मूल कोणाच्या ताब्यात देणार?
४) रात्रभर थांबावे लागल्यास पाणी, खाऊ, लंगोट आणि विजेरी यांची सोय आहे काय?
५) त्या वेळी तुमच्या स्वतःच्या घराकडे कोण पाहणार?

लक्षात ठेवण्याजोगे क्रमांक

आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, चाइल्ड हेल्पलाइन १०९८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, मुंबई महापालिका आपत्कालीन कक्ष १९१६.

यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळवायला पैसा लागत नाही. पाचवा प्रश्न विचारायला मात्र थोडा संकोच वाटेल. तरीही तो विचारावा. कारण आपले मूल ज्या बाईंच्या कडेवर पुरातून बाहेर येणार आहे, त्यांचे लक्ष त्या क्षणी दुसऱ्या काळजीत गुंतलेले नसावे, ही जबाबदारी पालकांचीही आहे.